चव्वेचाळीस अधिक दोन

तो एक मार्क तुम्ही द्यायलाच हवा होता, बाई. मी अजून तेच म्हणतो. तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं झाली, मी मेले, तू कुठल्या कुठे गेलास आणि अजून तेच धरून बसलास? हो, बसलोय. बागेच्या कुंपणाला तार किती लागेल असं विचारलं होतं, आणि खरी तार मारलेला वर्गात मी एकटाच होतो. बाकीच्यांनी चव्वेचाळीस लिहिलं आणि पास झाले. त्यांच्या बागेत पहिल्याच दिवशी गुरं शिरली असती.

आज शुक्रवार, म्हणजे इथे ओमानमध्ये सुट्टीचा वार. कपडे धुऊन गच्चीवर टाकलेत, रूममधले बाकीचे बाजारात गेलेत. सकाळी ताईचा फोन आला होता. माझी मोठी बहीण तुमच्याच हाताखाली शिकली, तुम्हाला आठवत असेल, दोन वेण्या, अक्षर चांगलं. महिनाभर तिचं एकच चाललंय. "सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत संपत आली. भरू की नको, एक काय ते सांग." शाळा सोडलेल्यांनी बाहेरून दहावीला बसायचा हा फॉर्म, तुम्हाला वेगळं सांगायला नको. इथे फोरमन व्हायचं तर दहावीचं सर्टिफिकेट मागतात. मार्चमध्ये माझी दोन वर्षं पुरी होऊन रजा मिळते आणि परीक्षा पण मार्चमध्येच. सगळं कसं जुळतंय बघ, असं ताईचं म्हणणं. मी म्हटलं, संध्याकाळी सांगतो. आता ठरवायचं सोडून तुम्हाला लिहीत बसलोय, कारण गणिताचा पेपर म्हटला की मला आधी तुम्ही दिसता, आणि तुम्ही दिसलात की भांडण आलंच.

तुम्हाला माझ्या घरचं काम माहीत होतं की नाही कोण जाणे. आई मार्केटात मासळी विकायची, ते माहीत होतं, कारण तुम्ही तिचं गिऱ्हाईक. बाबा कुंपणं मारायचे. तेव्हा पनवेलच्या चहूबाजूंनी, कळंबोली, रोडपालीकडे, नुसते प्लॉट पडत होते, आणि ज्याने प्लॉट घेतला तो घर कधी बांधायचं ते नंतर बघायचा, पण तार आधी मारून घ्यायचा. नाहीतर शेजारचा खांब रोज वीतभर आत सरकायचा. सुट्टीच्या दिवशी तारेचं भेंडोळं धरायला मी. ते धरलं की हाताला काटे लागायचे, बाबा म्हणायचे, "बापाला लागतात ते दिसत नाय, सोताचे बरे दिसतात." तार खांबाला नुसती टेकवून चालत नाही. वेढा द्यावा लागतो, ओढावी लागते, आणि जिथे सुरू केली तिथे परत आलात की पीळ देऊन गाठ मारावी लागते. त्या गाठीला तार लागते ना. बाबा पावलं टाकून जागा मोजायचे आणि दुकानात सांगताना वर थोडी जास्तच सांगायचे. "कमी पडली तं परत तूच जाशील सायकल मारीत. मी नाय जायाचा."

तर आठवीच्या वार्षिक परीक्षेत तुमचं ते उदाहरण आलं. वर्तुळाकार बागेचा व्यास चौदा मीटर, एकपदरी कुंपणाला तार किती लागेल. मी सूत्र बरोबर लिहिलं. बावीस छेद सात, गुणिले चौदा. सातने चौदाला भागलं, दोन आले, बावीस दुणे चव्वेचाळीस. सगळं येत होतं मला, बाई. मग मी त्या बागेभोवती मनातल्या मनात एक चक्कर मारली, पहिल्या खांबापाशी परत आलो, आणि हातात गाठ मारायला काही उरलं नाही. म्हणून खाली लिहिलं: उत्तर, सेहेचाळीस मीटर.

निकालाच्या दिवशी हातात कागद आला तो गणितात चौतीसचा. पासाला पस्तीस. कृपागुण होते, ते इंग्रजीत संपले होते. मी बाक सोडून तुमच्या टेबलापाशी आलो आणि सगळ्यांसमोर म्हटलं, बाई, माझा एक मार्क कुठाय. तुम्ही पण कमाल, लगेच गठ्ठ्यातून माझा पेपर काढलात, चष्मा वर केलात आणि वर्गाला वाचून दाखवलंत. "या साहेबांनी बागेला दोन मीटर तार जास्त आणली आहे. घरी कपडे वाळत घालायला नेणार आहात का?" वर्ग हसला. मी म्हटलं, "गाठीला लागते, बाई." तुम्ही म्हणालात, "गाठ प्रश्नात नाही." मी म्हटलं, "प्रश्नात नाय, पण खांबाला हाय." तेव्हा वर्ग परत हसला, या वेळी तुमच्याकडे बघून, आणि तुमच्या ओठाच्या कोपऱ्यात पण जरासं आलं होतं. मला दिसलं होतं. तो शुक्रवार होता, ऊन उतरायच्या आत तुम्हाला घर गाठायचं असायचं. पिशवी उचलता उचलता म्हणालात, "घरी ये, बोलू. सोमवारपर्यंत निकालपत्रक माझ्याकडेच आहे."

आता बघा, घरी ये म्हणालात, कधी ते नाही सांगितलंत. मी दुसऱ्याच दिवशी आलो. शनिवारी. तुमचा शनिवार, तुमच्या धर्मातला विसाव्याचा वार, पनवेलात सगळ्यांना माहीत होता. तुमच्या इस्राएली, म्हणजे ज्यू लोकांची घरं थोडीच उरली होती, मुलं-नातवंडं तिकडे इस्राएल देशात निघून गेली होती, पण शनिवारी बाई शाळेत येत नाहीत, लिहीत नाहीत, विस्तव पेटवत नाहीत, हे पोरांना पाठ होतं. मला पण माहीत होतं. पण चौतीस मार्क पडलेल्याला वार कुठे आठवतो?

तळ्यामागच्या गल्लीत तुमचं घर. तुम्ही दार उघडलंत आणि माझ्या अंगावरचा घामट शर्ट बघून आधी पाणी दिलंत. स्वयंपाकघर इतकं गार मी कधी बघितलं नव्हतं. ओटा पुसलेला, गॅस बंद, एकही भांडं चुलीवर नाही. आमच्याकडे कोणी मेल्यावर असतं तसं. थर्मासमधला चहा ओतून दिलात आणि ताटलीत आदल्या दिवशीच्या पुऱ्या ठेवल्यात. मला खरं सांगायचं तर राग आला. मला वाटलं, नापास पोराला शिळं. नंतर बघितलं तर तुम्ही पण तेच खात होतात.

मी खिशातून प्रश्नपत्रिका काढली. पेन्सिल पण आणली होती, तुमच्याकडे नसली तर म्हणून, काय पण डोकं. तुम्ही पेन्सिल माझ्याकडेच सरकवलीत. "तू लिही. मी सांगते." मी चहाची बशी उपडी ठेवून तिच्याभोवती वर्तुळ काढलं. तुम्ही हात मांडीवर ठेवून बसला होतात, आणि मी तुमचा हात असल्यासारखं सांगत होतात. "आधी वर्तुळाचं जेवढं आहे तेवढं लिही. किती?" चव्वेचाळीस. "आता अधिकचं चिन्ह काढ. आता तुझी गाठ लिही." दोन. "आता बेरीज. झालं? बघ आता. कोणीही कागद उचलला तरी त्याला कळतं, बाग केवढी आणि गाठ केवढी. तू नुसतं सेहेचाळीस लिहिलंस. मला काय कळणार, तुला गाठ माहीत आहे की तुझा गुणाकार चुकलाय?"

"पण काल वर्गात सांगितलं ना मी."

"काल सांगितलंस. पेपर तपासत होते तेव्हा तू माझ्या शेजारी बसलेला नव्हतास."

"मग आता कळलं ना तुमाला? द्या मार्क."

तुम्ही हसलात. "आज नाही. आज मी पेन धरत नाही. उद्या ये."

"एका मार्काला किती वेळ लागतो, बाई? नुसती रेघ मारायची."

"वेळेचा प्रश्न नाही रे."

"देव कुठे बघायला येतोय."

"तो नसेल बघत. मी बघते ना," असं तुम्ही म्हणालात, आणि उरलेली पुरी माझ्या ताटलीत टाकलीत.

आता मी उठलो ते का उठलो, ते नीट सांगतो, कारण तुम्ही आईला नंतर सांगितलंत की तो रागावून गेला. राग होता, पण राग एवढाच नव्हता. तुम्ही उद्या ये म्हणालात. उद्या देते असं म्हणालात का? नाही. मार्क द्यायचा तर पेपरावर जे लिहिलंय त्यावर द्यायचा, आणि पेपरावर सेहेचाळीसच होते. मला वाटलं, ही बाई रविवारी परत तेच सगळं समजावणार आणि शेवटी नाही म्हणणार. दोनदा कोण नाही ऐकून घेईल? रविवारी बाबांना आपटा गावात नदीकाठच्या एका फार्महाऊसचं काम होतं. मी भेंडोळं घेऊन टेम्पोत बसलो. तुम्ही रविवारी वाट बघितलीत की नाही ते मला माहीत नाही. देणार होतात की नाही, ते पण आता कधी कळायचं नाही. भांडण एवढंच आहे माझं. नाही म्हणाला असतात तर संपलं असतं.

आठ-दहा दिवसांनी तुम्ही मार्केटात आईच्या पाटीपुढे उभ्या होतात. मी मागे बर्फ फोडत होतो, तुम्हाला दिसलो नसेन, का दिसलो असेन. तुम्ही नेहमीसारखं पापलेट उलटंसुलटं करून बघत होतात. खवल्यांचीच मासळी घ्यायची, कोलंबी, चिंबोरी नाही, हा तुमच्या धर्माचा नियम, आई तुमच्यासाठी तशी बाजूला काढून ठेवायची. भाव चालला होता. आई म्हणते, "गणिताच्या मास्तरीणबाय तुमी, भाव करताव?" तुम्ही म्हणता, "गणित येतं म्हणून तर करते." मग पैसे देताना आवाज खाली आला. "त्याला पाठव गं. जूनमध्ये फेरपरीक्षा आहे. मी घेते त्याची तयारी, पैसे नकोत." आई म्हणाली, "सांगतंय मी त्याला. पन तो ऐकाचा नाय, बापावर गेलाय." मी बर्फावर अजून दोन घाव घातले, मोठ्याने.

आईने सांगितलं. ताईने सांगितलं. बाबा एवढंच म्हणाले, "तुजं तू बघ." मी बघितलं. जूनमध्ये पोरं नवी दप्तरं घेऊन चालली होती तेव्हा मी तळोज्याच्या एका शेडमध्ये पत्रे उचलत होतो. तिथून एकाने गुजरातला नेलं, तिथे टिकलो नाही, दुसऱ्याकडे गेलो, परत पनवेलला आलो, घरात आठवडाभर बसलो की पाय खाजायला लागायचे, परत निघालो. ताई म्हणते, तुला भिंगरी लागलीय. तुम्ही गेल्याचं तिनेच फोनवर सांगितलं. मी तेव्हा गुजरातेत दहेजला एका टाकीवर चढलेलो होतो, फोन खांद्यात धरून. बरं म्हटलं आणि ठेवला. त्याला पण आता बरीच वर्षं झाली.

इथलं काम तुम्हाला सांगतो, तुम्हाला गंमत वाटेल. वाफेचे मोठमोठे पाइप असतात. वाफ सोडली की हात लावला तर कातडी निघेल असे. त्यांच्यावर आम्ही दगडी लोकरीचा जाड थर गुंडाळतो, कापडासारखी असते पण अंगाला खाज सुटते, आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. पत्रा गोल वाकवून पाइपभोवती बसवायचा, दोन्ही टोकं एकमेकांवर चढवायची आणि स्क्रू मारायचे. चढवलेल्या भागाला लॅप म्हणतात. म्हणजे काय, तर व्यास, बावीस छेद सात, आणि वर गाठ. दिवसभर मी तुमचं तेच एक उदाहरण सोडवतो, बाई. फक्त बागेऐवजी पाइप. पहिल्या दिवशी मला हे कळलं तेव्हा मी एकटाच हसलो होतो आणि मनात म्हटलं, घ्या, लॅप सगळे धरतात. मी बरोबर होतो.

बरेच महिने मी बरोबरच होतो. मी लोकरीवरून माप घ्यायचो, त्यात लॅप मिळवायचो आणि आकडा खडूने पाइपच्या उघड्या टोकावर लिहायचो. पत्रा कापणारा जो होता तो मला ओळखायचा, लिहिलंय तेवढा कापायचा. मग तो रजेवर गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला, केरळचा, वयस्क माणूस, कामाला चोख. त्याने पाइपवरचा आकडा बघितला. तो मला ओळखत नाही, मी कसा लिहितो ते त्याला माहीत नाही. पाइपवर लिहिलाय म्हणजे पाइपचा, असं धरून त्याने रीतीप्रमाणे त्यात लॅप मिळवला. माझा एक आणि त्याचा एक. पत्रे कापले, कडा वळवल्या, भोकं पाडली, सगळा ढीग वर आला, आणि एकही पत्रा बसेना. टोक दुसरीकडेच जातंय, भोकावर भोक येत नाही. सगळा ढीग भंगारात.

फोरमनने आम्हा दोघांना बोलावलं. मी म्हटलं, मी बरोबर लिहिलंय. तो कापणारा म्हणाला, मी बरोबर कापलंय. खरं तर दोघांचं पण बरोबरच होतं. फोरमन पाइपवरच्या खडूच्या आकड्यावर बोट ठेवून मला म्हणाला, "ये पाइप का नाप है या तेरा?"

मी त्या आकड्याकडेच बघत राहिलो. सगळे समजले की ओरडा बसला म्हणून गप्प झाला. ओरडा मला कितीतरी वेळा बसलाय, मी लगेच उलट बोलतो, त्यापायी नोकऱ्या गेल्यात. पण त्या वेळी मी उन्हात उभा आणि माझ्यासमोर तुमचा गार ओटा. तुम्ही हात मांडीवर ठेवून सांगताय, आधी वर्तुळाचं लिही, मग अधिक, मग तुझी गाठ. तुम्ही मला वर्तुळ शिकवत नव्हतात, ते मला येतच होतं. माझ्या डोक्यातलं कागदावर असं ठेव की मी तिथे नसलो तरी दुसऱ्याला समजेल, एवढंच तुम्ही सांगत होतात. मी मात्र तेव्हा तुमच्या हाताकडे बघत होतो, हा हात पेन कधी उचलतो म्हणून.

त्या दिवसापासून मी पाइपवर तसंच लिहितो. आधी पाइपचं, मग अधिक, मग लॅप. नवी पोरं येतात, ओडिशाची, नेपाळची, त्यांना पण तसंच लिहायला लावतो. कोणी एकदम बेरीज लिहिली की पुसायला लावतो. त्यांना वाटतं हा उगाच बाईसारखा कटकट करतो. "मास्टरजी" म्हणतात मला, चिडवायला. दहा वेळा हाका मारून दाखवतात.

तरी मार्क द्यायला हवा होता. हे सगळं कळून पण मी ते मागे घेणार नाही. शाबूत धरून ठेवलेली हीच एक गोष्ट आहे माझ्याकडे, बाकी सगळं कुठे कुठे टाकून आलो.

मघाशी ताईला फोन केला. म्हटलं, भर. ती म्हणाली, "नक्की? परत मार्चमध्ये म्हणशील, काम आलं, रजा नाय." मी म्हटलं, भर ना बाई, किती प्रश्न विचारतेस. तिने विचारलं, गणिताला क्लास लावशील का ऑनलाइन वगैरे. म्हटलं, नको, पुस्तक पाठव, बघतो. फोरमनच्या पगाराचं तिला सांगितलंय, आईला पण तेच सांगायचं ठरलंय. ते खोटं नाही. पण महिनाभर मी हो म्हणत नव्हतो ते पगाराचा हिशेब बसत नव्हता म्हणून नाही, हे तिला सांगितलं नाही. मला भीती वाटते, बाई. या वेळी पेपर कोण तपासेल ते माहीत नाही, कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं ते माहीत नाही. परत पडलो तर भांडायला तुम्ही नाही. मग ते सगळं माझ्याच अंगावर.

हे काही पाठवता येत नाही, म्हणून घडी घालून उशीखाली ठेवतो, रूमवाल्यांना मराठी येत नाही हे बरं आहे. संध्याकाळी मनी एक्स्चेंज उघडतं. ताईच्या खात्यावर टाकतोय, फॉर्मची फी, दहावीची सगळी पुस्तकं आणि तिचं रिक्षाभाडं धरून, तीन हजार चारशे रुपये.